लाँड्रीतली आई

वर्गाचा फोटो छापून मिळेपर्यंत मी दुकानातल्या बाकावर बसलो होतो. पुढे पैसे द्यायच्या रांगेत दोघी बहिणी होत्या, दोघीही फोटोग्राफर. धाकटीचा नुकताच छापून मिळालेला मोठा फोटो थोरलीने हातात घेतला.

“ही आपली आई?”

“हॉस्पिटलच्या लाँड्रीत, कामावर. तिथल्या बायकांचे फोटो काढतेय ना मी, ताई. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे.”

“मी कॅमेरा काढला की ती तोंड फिरवते.”

“तू तिला नवरीसारखी उभी करतेस. हनुवटी वर, खांदे सरळ.”

“लग्नात परक्यांना हसवते मी, आणि घरची बाई हसते तुझ्याकडे बघून. शेंडेफळ ना तू.”

“शेंडेफळ कसलं. कित्येक महिने कॅमेरा नेलाच नव्हता. तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घालत होते. मग एक दिवस तीच म्हणाली, काढ आता.”

“ती म्हणाली? आपणहून?”

“हो. कुठला लावायचा तेही त्या बायकाच ठरवतात. त्यांनी नको म्हटलं की फोटो बाद.”

“यात डोळे हललेत तिचे.”

“हललेत. पण तिला हाच आवडला.”

“घड्या मलाही घालता येतात.”

“मग ये की सोमवारी. कॅमेरा मात्र घरी ठेव.”

“कॅमेऱ्याशिवाय मी तिथे हात कुठे ठेवू?”

“पुढे सरक, ताई. रांग हलली.”

“येते सोमवारी. पण आपणहून आले म्हणून सांग. तू बोलावलंस असं आईला कळू देऊ नकोस.”