टाकीचा तळ

टाकी मोठी असली म्हंजी गिऱ्हाईक लांबनं बघूनच येतंय, सोपानमामा. ऐकलंत का ताई? भिंतीपलीकडं बोलतोय तो रफिक, माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा, बावीस वर्षांचा हाय. आन् सोपानमामा म्हंजी सर्वेच्या जिपेचे डायवर, लई जुने आमचे. अंगणात हवा भरायच्या दोन मशिनी उभ्या हायत ना, चाकांवर ढकलत न्यायच्या, त्यातली कुठली ठेवायची त्याचं चाललंय दोघांचं. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका माणसानं पाठवल्यात, दोन दिवस वापरून बघा म्हणाला, पाहिजे ती ठेवा, दुसरी परत धाडा. एक मोठ्या टाकीची, वरनं नवा हिरवा रंग मारलेली. दुसरी बुटकी, एका अंगाला चेपलेली. सोपानमामा सकाळी हिरवीकडं बघून म्हणाले, रफिक, ही मशीन हाय का गाभण म्हैस? रफिक म्हणाला, मामा, दूध बघा की. त्याचं मन तिच्यावरच बसलंय. तिच्या इंजिनचा पट्टा तेवढा तुटलेला हाय, तो आणायला आता बाजारात चाललाय. तो येईस्तवर सांगते तुम्हाला, तुम्ही वाटेवरच्या पाव्हण्या, तुम्हाला सांगायला सोपं जातं. जरा हळू बोलते हां, रफिकची आई, माझी मोठी जाऊ, तिकडं चिंचा फोडत बसल्यात, त्यांच्या कानावर नको जायला.

मी मूळची शिरूरची. घोडनदीच्या काठाला आमचं घर. घरात आमची बोली येगळी, पर अब्बांचं सगळं उठणं-बसणं मराठी माणसांत, त्यामुळं आम्हाला दोन्ही सारख्याच. अब्बा लढाईच्या वेळी लष्कराच्या गाड्यांच्या टायरींवर कामाला व्हते. लढाई संपली तवा शिरूरला आले आन् नगरच्या रस्त्याला लिंबाखाली पंक्चरचं दुकान टाकलं. आम्ही चार बहिणी, भाऊ न्हाई. मी थोरली, म्हणून मी शेजारी बसायची, अब्बा हात काळे करायचे आन् तोंडानं मला सांगत राहायचे. लोक म्हणायचे, मास्तर, पोरीला शिकवून काय करणार, ती काय सासरी टायर ठोकणार हाय का? अब्बा हसायचे. शिकवायचं काय थांबवलं न्हाई त्यांनी.

काय सांगू तुम्हाला, त्या माणसाला हवेचं लई भ्या वाटायचं. टायरमधल्या न्हाई, टाकीतल्या. आमच्याकडं एक छोटी टाकीची मशीन व्हती, लष्करातनं निघालेली. दिवसभर काम झालं की टाकीच्या खालची चावी उघडून अब्बा सगळी हवा सोडून द्यायचे. हवेबरोबर तांबडं पाणी पडायचं. दाबलेल्या हवेतनं पाणी सुटतं ना, ते तळाला बसतं आन् लोखंड आतनं खातं, बाहेरनं काय दिसत न्हाई. दुसरे पंक्चरवाले अब्बांना येड्यात काढायचे. एवढं पेट्रोल जाळून भरलेली हवा आन् हा बाबा संध्याकाळी सोडून देतोय म्हणायचे. तालुक्यात कुणी ती चावी उघडत न्हवतं, हवा वाया जाती म्हणून. अब्बा म्हणायचे, हवा काय, उद्या भरता येती.

आन् पान्ह्याच्या दांड्यानं टाकी वाजवायला शिकवली त्यांनी मला. वरपासनं खालपर्यंत, असं हळूहळू. चांगलं लोखंड घुमतं. खाल्लेलं बद्द वाजतं, मडक्याला चीर गेल्यावर वाजतं तसं. शंका आली तर टाकी तोंडापर्यंत पाण्यानं भरायची आन् मग हातपंपानं दाब द्यायचा. मी इच्यारलं, पाणीच का? अब्बा म्हणाले, पाण्याच्या दाबानं टाकी फाटली तर पाणी गळून जातं, पाय भिजतील तेवढंच. हवा मात्र दबून बसलेली असती, ती वाट काढून शांतपणे जात न्हाई.

मग माझं लगीन झालं आन् मी इकडं दौंडला आले. हे घर तेच. इथनं रस्ता सरळ भीमेवर जातो. घरात दोघं भाऊ, थोरले भाईजान, म्हंजी रफिकचे अब्बा, आन् धाकटे माझे मालक, आन् या भाभी, रफिकची आई. काम दोघांचं नदीवरच. तुम्ही आता पाहिली असेल नदी, पर तवा जिपा वाळूतनंच पार व्हायच्या, सर्वेच्या, कंत्राटदारांच्या, एक डाक्टरांची पण व्हती. वाळूत कडक टायर रुततो, म्हणून अलीकडच्या काठाला चारी चाकांची हवा कमी करायची, टायर कसा पोट टेकून बसला पाहिजे, मग गाडी वाळूवरनं निघती. आन् पलीकडं खडीचा रस्ता लागायच्या आत ती हवा परत भरायची, न्हाईतर टायर चिरला म्हणून समजा. दोघं भाऊ पलीकडच्या काठाला बसायचे, पायपंप घेऊन. उन्हात एकेक टायर पायानं फुगवायचा. भाईजानची कंबर धरली, माझ्या मालकांची छाती भरून यायची, रात्रभर खोकायचे. असं किती वर्षं चालणार? तवा मशीन घ्यायचं ठरलं.

सोपानमामा तवा तरणे व्हते. त्यांनी एका साहेबाच्या जिपेतनं एक पंप आणून दाखवला. एवढासा, पिशवीत मावणारा. जिपेच्या इंजिनचा ठिणगी पाडणारा एक प्लग काढायचा, त्या भोकात याची मान बसवायची, बाकीच्या प्लगांवर इंजिन धडधडत ठेवायचं, आन् तो पंप बाहेरची हवा ओढून टायरमध्ये घालतो. टाकी न्हाई, काय न्हाई. भाईजान हसले. म्हणाले, सोपान, ही तर होळीची पिचकारी. गिऱ्हाइकापुढं हे काढायचं का मी? त्यांना टाकीची मशीन पाहिजे व्हती. ती आली. हिरव्या रंगाची, लढाईच्या वेळची. शेजारच्या आप्पांनी नारळ फोडला, भाभींनी शिरा केला. सगळे तिच्याभोवती उभे, मी दाराआड.

दुपारी पुरुषमाणसं नमाजाला गेली. भाभी आत रफिकपाशी आडव्या झाल्या व्हत्या. मी अंगणात गेले, पान्हा घेतला आन् टाकी वाजवली. वर घुमली. मधी घुमली. तळाला आले आन् बद्द. परत वाजवली. बद्दच. खालची चावी फिरवून बघितली तर रंगाखाली बुजलेली, किती दिवसांत कुणी उघडली न्हवती. मला कळलं ताई. मला तवाच कळलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं व्हतं. भाईजानशी मी बोलत न्हवते, आमच्यात थोरल्या दिरापुढं सून बोलत न्हाई. या घरात मला चार वर्षं झाली व्हती आन् त्यांच्याशी एक वाक्य बोलले न्हवते, ते आले की मी पदर ओढून आत. पर ते निमित्त झालं. मालकांना सांगता आलं असतं. भाभींना सांगता आलं असतं. त्याच्या आधी एकदा मालक ट्यूबचं ठिगळ चुकीचं घासत व्हते तवा मी दारातनं म्हणाले, असं न्हाई, आडवं घासा. भाईजाननी ऐकलं. मला काय म्हणाले न्हाईत, मालकांना म्हणाले, शिरूरच्या मास्तरीणबाईंना इच्यारून करत जा रं. सगळे हसले. वाईट माणूस न्हवते ते, मस्करीच केली, पर मला ते लागलं. त्यानंतर मी टायरीचं अक्षर काढलं न्हाई. त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मालक इतके खूश, म्हणाले आता भाईजानची कंबर सरळ होईल. मी भाकरी वाढली. मनात म्हटलं, माझाच कान चुकला असेल. म्हटलं, उद्या परत वाजवून बघते आन् मग सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मशीन घेऊन नदीवर गेले.

मी पीठ मळत व्हते. आवाज आला तो मी कधी ऐकलेला न्हवता आन् मला तो कसला ते कळलं, म्हंजी बघा. नदीकडची सगळी पाखरं उठली. टाकीचा तळ उडाला व्हता. भाईजान शेजारीच उकिडवे बसलेले, सोपानमामांच्या जिपेचं चौथं चाक भरत. मालक पाणी आणायला उतरले व्हते म्हणून वाचले. त्याच जिपेतनं भाईजानला आणलं, तीन चाकं भरलेली आन् एक बसलेलं. दवाखान्यापर्यंत श्वास राहिला न्हाई.

रफिक तवा आठ वर्षांचा व्हता.

लोक काय म्हणाले, की यानं हवा जास्त भरली. टाकीवरचा दाबाचा काटा बघितला न्हाई. हावरटपणा केला, लवकर उरकायचं म्हणून. सोपानमामा सांगत राहिले की मी डोळ्यानं बघितलं, काटा जागच्या जागी व्हता, पर कोण ऐकतंय, डायवर माणूस, त्याला मशीनमधलं काय कळतंय म्हणाले. ते बोलणं चौदा वर्षं झाली या घरावर बसलंय. शाळेत पोरं रफिकला फुग्या म्हणायची. आत्ता यंदा त्याच्या सोयरिकीची गोष्ट चालली व्हती भांडगावकडं, तिथं कुणीतरी म्हणालं, बाप निष्काळजीपणानं गेला, पोरगं कसलं असेल. भाभी घरी आल्या त्या दोन दिवस जेवल्या न्हाईत. आन् मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना म्हणते, जाऊ द्या भाभी, लोकांचं तोंड. मी म्हणते हे. मी.

मग पिचकारीच आणली मालकांनी. चौदा वर्षं त्या पिशवीतल्या पंपावर आमचं घर चाललं. मी पण नदीवर जायला लागले, प्लग काढायचा, मान बसवायची, सगळं मी करते, आता कोण हसत न्हाई. आज पण मालक तिकडंच हायत पंप घेऊन. पर आता दिवस बदलले. ऊस वाढला, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचं इंजिन डिझेलवरचं, त्याला प्लगच नसतो, मग पंप बसवायचा कुठं? मागचा टायर माणसाएवढा. शेतात पंक्चर झाला तर शेतात जावं लागतं, चिखलातनं, ढेकळातनं. रफिक म्हणतो ते खोटं न्हाई, टाकीची मशीन लागणारच. मी नको कशी म्हणू?

पर तो काय म्हणतो माहिती हाय का? काल रात्री जेवताना म्हणाला, चाची, तू भिऊ नको, अब्बांनी काटा बघितला न्हाई, मी काट्यावरनं नजर हलवणार न्हाई. किती समजूतदारपणानं म्हणाला. बापाच्या मरणातनं त्यानं तेवढंच उचललंय, आन् ते चुकीचं हाय. काटा बरोबर असताना बाप गेला त्याचा. तो असाच काट्याकडं बघत टाकीशेजारी उकिडवा बसेल.

सकाळी मी पान्हा घेऊन गेले त्या हिरवीपाशी. खालची चावी रंगात बुजलेली हाय. बाकी मला माहीत न्हाई, हात उचललाच न्हाई माझा. चांगलीही असेल. पर ती चांगली निघाली तर मी परत गप्प बसणार, आन् तो पुढची मशीन आणेल, त्याच्या पुढची आणेल, मी किती टाक्या चोरून वाजवत बसू? पाणी भरून बघ म्हटलं तर तो इच्यारणार, कशाला? पट्टा बसवला की दोन मिनिटांत भरून दाखवतो म्हणणार. त्या कशालाचं उत्तर माझ्याकडं एकच हाय. आन् ते ऐकल्यावर या भाभी, ज्यांनी मला माझ्या बाळंतपणात हातानं भरवलं, त्या माझं तोंड बघतील का न्हाई ते अल्लाला ठाऊक. न बघू देत. मी त्यांचं चौदा वर्षं बघितलंय.

सायकलचा आवाज आला बघा. आलाच तो. खांद्यावर पट्टा हाय. तुम्ही बसा ताई, उठू नका, तुम्ही ऐकलंत तर उलट बरं, मला मधीच थांबता यायचं न्हाई. तुमचं भलं होवो.

रफिक, पट्टा चढवू नको. ठेव खाली. इकडं ये बाबा, आईपाशी बस. भाभी, चिंचा राहू द्या, तुम्ही पण ऐका. दोन्ही टाक्या आधी पाण्यानं भरायच्या, दाब पाण्यावर द्यायचा, जी गळणार न्हाई तीच ठेवायची, मग ती कुठलीही असो. कशाला म्हणून इच्यारतोस ना? तुझ्या अब्बांनी हवा जास्त भरली न्हवती. काटा बरोबर व्हता, सोपानमामा खरं सांगत व्हते. टाकीचा तळ आतनं सडला व्हता. आदल्या दिवशी दुपारी अंगणात कुणी नसताना मी ती वाजवून बघितली, भाभी, मला कळलं व्हतं, आन् मी सांगितलं न्हाई.