धोंडाबाईच्या गालाचा डाग आणि भुशीचा फोटो

जबाब देणार: मारुती शिवराम पिंगळे, वय ६३, धंदा भातशेती, रा. वहाणगाव, आंदर मावळ, ता. मावळ, जि. पुणे.

लोणावळा येथील पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी धोंडाबाई व मुलगी पिंकी यांच्यासह राहतो. भुशी धरणाजवळ मक्याची कणसे विकणाऱ्या रेणुका यांनी, आपला फोटो कोणीतरी न विचारता इंटरनेटवर टाकल्याची तक्रार दिली आहे. त्याबाबत मला ठाऊक आहे ते सांगत आहे.

माझ्या पत्नीच्या डाव्या गालावर चुलीच्या भडक्याने भाजल्याचा जुना डाग आहे. पिंकीचे लग्न ठरले असून त्यात धोंडाबाईला उघड्या तोंडाने मिरवायचे आहे. मला त्या डागाची कधी अडचण वाटलेली नाही. पण हट्ट तिचा आहे आणि तिच्या हट्टापुढे माझे काही चालत नाही.

पिंकीने मोबाईलवर लोणावळ्यातील 'तेजोमुख' क्लिनिकचे रिव्ह्यू वाचून दाखवले. सगळे पाच स्टारचे होते. एकात 'प्रतीक्षा, भुशी' असे नाव, एका बाईचा फोटो आणि "भाजल्याचा डाग समूळ गेला, डॉक्टर देवमाणूस" असा मजकूर होता. त्यावर भरवसा ठेवून ऑपरेशनची तारीख घेतली. आमच्याकडे बैल घ्यायचा तरी आधी गोठ्यात जाऊन बघतात, ही तर माझी बायको. म्हणून प्रतीक्षाबाईंचा गाल बघून येऊ, असे मी म्हणालो. पिंकी म्हणाली, "आबा, रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या घरी कुणी जातं का?" मी म्हणालो, "मग गावाचं नाव लिवलंय कशाला?"

आम्ही तिघे इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन भुशीला गेलो. फोटो बघताच चहावाला म्हणाला, "ही तर आमची कणसंवाली रेणुका." धोंडाबाईने रेणुका यांचे तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवले व विचारले, "बाई, डाग कुटं व्हता?" त्या म्हणाल्या, "मला कसला डाग? मी त्या दवाखान्याची पायरीबी चढले न्हाई. फिरायला आलेल्या कुणीतरी फोटो काढला असंल." धोंडाबाईने त्यांचे तोंड सोडले व आपल्या डाव्या गालावर पदर ओढून घेतला. ऑपरेशनच्या तारखेआधीच खरे कळले म्हणून माझा जीव मात्र भांड्यात पडला, हे लपवत नाही.

पुढे रेणुका यांनीच आम्हांला शेजारच्या आक्काबाईंकडे नेले. त्यांच्या भाजलेल्या हातावर पुण्यात सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले आहे. तो हात आम्ही डोळ्यांनी पाहिला. काल ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पुण्यात जाऊन भेटलो. त्यांनी तोंडावर सांगितले की, डाग फिका होईल, पण लग्नापर्यंत नाही, आणि पुरता कधीच जाणार नाही.

बाहेर आल्यावर धोंडाबाई म्हणाली, "हिच्याच हातात तोंड देते. खोटं बोलली न्हाई ती. पर अर्धा डाग ऱ्हायला तर चालंल का तुमाला?" मी म्हणालो, "आजपतोर अख्खा चालला की, येडे."

हा जबाब मला वाचून दाखवला. शेवटचे बोलणे तपासात लागत नाही असे साहेब म्हणाले, तरी ते काढू नये ही विनंती. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे, म्हणून सही करतो.