डबा परत आण

मी मूळची सांगलीची, वडिलांचं भांड्यांचं दुकान, आणि भांड्यांवर नाव घालायचं मशीन असतं ना, ते आठवीपासून माझ्या हातात, लग्नसराईत बसले की उठायची सोय नाही, सप्रेम भेट, सप्रेम भेट, बोटं बधिर व्हायची. लग्न झालं न् नवऱ्याच्या मागं इथं हॉलंडात आल्मेरेला आले, तो कॉम्प्युटरमधला, ट्रेननं अ‍ॅमस्टरडॅमला जातो, मी ऑफिसातल्या एकट्या पोरांना पोळीभाजीचे डबे करून देते. ते मशीनपण सामानात आणलं, नवरा म्हणाला तिथं कुणाच्या भांड्यावर नाव घालणार, म्हटलं माझ्या.

शेजारी नादा, लेबनॉनची. माझं डच दुकानापुरतं, पण आमचं जमलं, का माहितीय का, पहिल्यांदा तिला खिरीची वाटी दिली तर ती रिकामी आली नाही, जर्दाळू घालून आली. म्हटलं ही आपल्यातलीच.

गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या जुलैत, ती एकटीच आईला भेटायला गावी निघाली, मी बेसनाचे लाडू दिले, वडिलांनी दिलेल्या कडीच्या डब्यात, झाकणावर माझं नाव, सुनंदा, मीच घातलेलं. दारात तीनदा सांगितलं, लाडू संपव, पण डबा परत आण.

आणि काय सांगू तुम्हाला, ती पोचली न् चौथ्या दिवशी लढाई पेटली. एकीकडं इस्रायलचं सैन्य, दुसरीकडं तिकडची बंदूकवाली संघटना, मधे नादाच्या आईचं गाव. विमानतळावर बॉम्ब पडले, फोन लागेना. तिचा नवरा समीर कामावरून थेट आमच्या टीव्हीपुढं येऊन बसायचा, मी ताट पुढं करायची न् तसंच मागं घ्यायची. मला एकच खात होतं, त्या बाईशी माझं शेवटचं बोलणं काय, तर डबा परत आण. आग लागो त्या डब्याला, बाई, तू ये. देवापुढं मोठ्यानं असंच म्हणायची.

अडीच आठवड्यांनी आली. बसनं सीरियात, तिथून विमानानं. सुटकेस नाही, काही नाही, खांद्याला एक पिशवी, आणि मी तिला मिठी मारली तर पोटाला काहीतरी टोचलं. डबा!

निघताना बसवाले एकच पिशवी घ्या म्हणाले होते, तर हिनं पिशवीतले कपडे काढून डबा घातला. आई म्हणाली, वर बॉम्ब पडतायत न् तू डबा काय घेतेस. ही म्हणाली, सुनंदा रागवेल. मग ती माउली तळघरात तशीच उठली, म्हणाली, थांब, रिकामा नको नेऊस, आणि गेल्या सालची सुकी अंजिरं भरली. आम्ही जिन्यात बसून खाल्ली, रडत काय, हसत काय, समीर तर दोन्ही.

पुढं लढाई थांबली, आई सुखरूप आहे. मी मशीन काढलं, माझ्या नावाखाली नादाच्या आईचं नाव घातलं, मरियम, एक म वाकडा झालाय.

आज नादा परत निघालीय गावी. लाडू भरून दिले, म्हटलं, या खेपेला डबा आईकडंच राहू दे, तिचंही नाव आहे त्यावर, तू तेवढी सुखरूप ये. तर हसून म्हणते कशी, ती कुठली ठेवून घेतेय, तुझ्यासाठी अंजिरं वाळत घातलीत तिनं.