गाडी विकणे आहे, पडद्यांसकट

(टेनेसीतला एकशे सत्तावीस नंबरचा रस्ता. ऑगस्टचे हे चार दिवस मैलोन्‌मैल जो तो आपल्या घरातलं जुनंपानं अंगणात मांडून विकायला बसलेला. क्रॉसव्हिलच्या अलीकडे एका माळावर आरव्ही उभी, आत पलंग, चूल, न्हाणीघर, सगळा संसार. तिच्या सावलीत दोन घडीच्या खुर्च्या. एकीत डेलमर, वय त्र्याहत्तर. दुसरीत त्याची बायको मोझेल, वय विचारायचं नाही.)

डेलमर : त्या माणसाला काय सांगितलंस तू?

मोझेल : कुठल्या माणसाला?

डेलमर : आत्ता गेला तो. लाल टोपीवाला. हसत गाडीत शिरला आणि उड्या मारत बाहेर आला.

मोझेल : उकडलेल्या शेंगा खा. गरम आहेत तोवरच बऱ्या लागतात.

डेलमर : शेंगांचं नंतर. काय सांगितलंस?

मोझेल : न्हाणीघर बघू का म्हणाला. म्हटलं बघ की, फक्त आत जाताना जरा पाय आपटत जा.

डेलमर : का?

मोझेल : साप असतो म्हणून.

डेलमर : मोझेल!

मोझेल : ओरडू नकोस. त्याला एकच सांगितला. कालच्या अलाबामाच्या जोडप्याला तीन सांगितले होते.

डेलमर : म्हणजे ते पण तुझ्यामुळेच पळाले? आणि गुरुवारची ती मास्तरीण? तिनं तर चेकबुक बाहेर काढलं होतं!

मोझेल : ती विज्ञान शिकवते, तिला साप आवडले असते. म्हणून तिला तुझ्या चुलत्याचं सांगितलं.

डेलमर : मला चुलता नाही.

मोझेल : आता नाही. ह्याच पलंगावर गेला ना बिचारा.

डेलमर : म्हणजे पाटी पाहिलीस तू.

मोझेल : मागच्या काचेवर 'विकणे आहे' म्हणून हातभर पाटी लावलीस, ती मला दिसणार नाही? टॉवेल वाळत घालायला गेले तेव्हा बुधवारीच दिसली. एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोला सांगायच्या आधी सगळ्या टेनेसीला सांगून मोकळा झालास.

डेलमर : सांगणारच होतो.

मोझेल : कधी? नवा मालक आत झोपायला आल्यावर?

डेलमर : सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

मोझेल : नाही.

डेलमर : मग?

मोझेल : मग काय! निदान नाही म्हणायला तरी मिळालं असतं.

डेलमर : हे बघ, डोळ्यांच्या डॉक्टरनं जूनमध्येच सांगितलंय. यंदा कसंबसं जमेल, पुढं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. लपवायचं काही नव्हतं. बोलायचा कंटाळा आला.

मोझेल : डोळ्यांचं मला माहीत आहे.

डेलमर : कसं?

मोझेल : बुधवारी धाडकन काहीतरी उडवलंस. मी विचारलं काय होतं, तर म्हणालास खार होती.

डेलमर : होती.

मोझेल : खारीच्या अंगावर घराचा नंबर असतो का रे? पत्रपेटी होती ती! मी मागं चालत जाऊन त्या बाईची माफी मागून आले. वर तिच्याकडून दोन बरण्या विकत घ्याव्या लागल्या.

डेलमर : बघ. म्हणूनच विकायची. उद्या खरंच कुणी आडवं आलं म्हणजे?

टॅमरा : काका, गाडी तुमचीच ना? पाटी पाहिली.

डेलमर : माझीच. या, या. मोझेल, तू शेंगा खा.

टॅमरा : मी टॅमरा. वर केंटकीहून आलेय. जुन्या मालाचं दुकान आहे माझं. दुकान कसलं, चार टेबलं आणि एक व्हॅन. व्हॅननं महिन्यापूर्वी मान टाकली. आता आई आणि माल, दोन्ही मावेल असं काहीतरी बघतेय. अठरा हजार लिहिलंय ना?

डेलमर : अठरा. एकोणीस वर्षं वापरली, पण जपून.

मोझेल : पोरी, तू चांगल्या घरची दिसतेस म्हणून सांगते. आत साप आहे.

डेलमर : झालं सुरू.

टॅमरा : विषारी?

मोझेल : भयंकर.

टॅमरा : माझा भाऊ पकडतो. पण त्रास तर आहेच. हजार कमी. सतरा.

मोझेल : अं? आणि छप्पर गळतं.

टॅमरा : कुठं?

मोझेल : कुठं काय, सगळीकडं! पावसात आम्ही छत्री उघडून जेवतो.

टॅमरा : मग छप्पर नवं करायला हवं. दोन हजार जातील. पंधरा.

डेलमर : मोझेल, तोंड आवर.

मोझेल : ह्याचा चुलता मेला आत. त्याच पलंगावर.

टॅमरा : अरेरे. कधी?

मोझेल : मे महिन्यात.

टॅमरा : गादी बदलावी लागेल. पाचशे. साडेचौदा.

मोझेल : अगं, मेला म्हणतेय मी! माणूस मेला!

टॅमरा : मावशी, जुन्या मालात माणसं मेलेलीच असतात. नाहीतर माल विकायला कशाला येतो? पुढं सांगा. इंजिन?

मोझेल : चढावर खोकतं. उतारावर थांबत नाही.

टॅमरा : तीन हजार. साडेअकरा. टायर बघू? हं. दहा म्हणू या.

डेलमर : देवा रे! अठराचे दहा झाले. बाई, हिचं एक अक्षरही खरं नाही. हिला विकायचीच नाहीये.

टॅमरा : आता काही सांगू नका काका, मालकिणीनं स्वतः सांगितलंय. दहा. आणि आत डोकावले तर ते पडदे काय आहेत हो? ठिगळाठिगळाचे. ते काढून फेकायलाच एक माणूस लागेल. नऊ.

मोझेल : काय म्हणालीस?

टॅमरा : नऊ.

मोझेल : त्याच्या आधी.

टॅमरा : पडदे. फेकायला लागतील म्हटलं.

मोझेल : फेकायला? डोळे आहेत का बटणं लावलीत? पाइकव्हिलच्या पुढं एका ओसरीवर गोधडी मिळाली होती मला, म्हातारीनं स्वतःच्या लग्नाला शिवलेली. तिची नातवंडं कुत्र्याखाली घालायला निघाली होती! पाच डॉलरला सोडवून आणली, दोन हिवाळे मांडीवर घेऊन बसले आणि तिचे पडदे केले. एक टाका उसवून दाखव, ही सगळी गाडी तुला फुकट देते!

टॅमरा : असेल. पण गळक्या छपराखाली असले पडदे म्हणजे...

मोझेल : कोण म्हणतं गळतं? दर एप्रिलला मी स्वतः शिडी लावून वर चढते आणि सांधे भरते. एक थेंब आत येत नाही, एक!

टॅमरा : आणि साप?

मोझेल : साप कसला आलाय! त्या न्हाणीघराची फरशी एवढी घासलेली आहे की साप आला तर घसरून पडेल.

टॅमरा : चुलत्यांचं वाईट वाटतं मात्र.

मोझेल : कुठला चुलता? ह्याच्या आजोबाला एकच पोर, आणि त्या पोराला हे एक ध्यान. आणि इंजिन म्हणशील तर परवा अख्खा डोंगर चढून आलं, एकदा शिंकलं नाही. नऊ हजार म्हणे! नऊ हजारांत तुला ह्या गाडीची सावली मिळेल, तीसुद्धा संध्याकाळपर्यंत!

टॅमरा : मग अठराला योग्य आहे म्हणता?

मोझेल : अठराला तर तुझं नशीब उघडलं समज. एक डॉलर कमी होणार नाही.

टॅमरा : दिले अठरा. आणा हात.

मोझेल : घे हात!

टॅमरा : झालं तर मग.

डेलमर : चाळीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलं मी. खिळ्यापासून नांगरापर्यंत विकलं. पण असा विक्रेता नाही पाहिला.

मोझेल : मी... मी विकली?

डेलमर : पुऱ्या किमतीला. नऊवर आली होती, ओढून अठरावर नेलीस.

मोझेल : हसू नकोस, डेलमर.

डेलमर : हसू नको तर काय करू! तीन दिवस साप सोडत होतीस, आणि शेवटी... मोझेल? अगं, रडतेस की काय?

मोझेल : हो, रडतेय. मग?

डेलमर : अगं, एका गाडीसाठी?

मोझेल : गाडीसाठी? घरी काय आहे रे आपल्या? तू त्या खोलीत टीव्हीपुढं, मी ह्या खोलीत. जेवायला हाक मारली की 'हूं'. जेवून झालं की 'हूं'. वर्षाचे साडेतीनशे दिवस मी एका 'हूं'शी संसार करते. ह्या गाडीत बसलास की तुला तोंड फुटतं. ती गाय बघ, तो पूल बघ, ह्या पुलावरून माझा बाप पडला होता... एकच गोष्ट दहादा सांगतोस, आणि मी दहादा 'मग काय झालं' म्हणते. जुनं सामान गोळा करायला येते असं वाटलं तुला? घरात लोणी काढायची सहा भांडी आहेत, आणि गाय एकही नाही!

डेलमर : हे कधी बोलली नाहीस.

मोझेल : कुणापाशी बोलणार? टीव्ही बंद कर म्हटलं की झोपायला जायचास.

टॅमरा : मी मध्ये बोलू नये. पण काका, बाईंना एवढं वाटतंय तर विकता कशाला?

डेलमर : डोळे गेले माझे. बुधवारी पत्रपेटी उडवली.

टॅमरा : मग मावशींनी चालवावी. येत नाही का तुम्हाला?

मोझेल : मला? अगं, बावीस वर्षं मी काउंटीच्या शाळेची बस चालवलीय. चाळीस पोरं, त्यातली निम्मी ओकणारी, आणि जानेवारीत घाटभर बर्फ. एका पोराला ओरखडा नाही.

टॅमरा : मग अडलंय कुठं?

मोझेल : ते ह्याला विचार.

टॅमरा : काका?

डेलमर : नाही, म्हणजे... ते पहिल्यापासूनच तसं आहे. माझी गाडी आहे ना ती.

टॅमरा : आत्ता तर माझी आहे.

मोझेल : बरी आहेस गं तू पोरी.

डेलमर : मोझेल. तू चालवशील?

मोझेल : एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. आणि तेही हातातून गेल्यावर.

डेलमर : बाई, दिलेला हात मागं घेता येतो का?

टॅमरा : आमच्याकडं नाही घेत. तुमच्याकडं घेतात?

डेलमर : आमच्याकडंही नाही. मग परत विकत घेतो. बोल, काय घेशील?

टॅमरा : पडदे.

मोझेल : पडदे? आत्ता फेकणार होतीस ना ते!

टॅमरा : मावशी, सकाळपासून दोन फेऱ्या मारल्या त्या पडद्यांसाठी. गाड्या काय, पुढच्या वळणावर अजून दोन उभ्या आहेत. असं हातकाम कुठं मिळतं? जे आवडलं त्यालाच नावं ठेवायची, एवढंही मी शिकले नसते तर आईला काय खाऊ घातलं असतं?

मोझेल : डाकीण आहेस.

टॅमरा : हो.

मोझेल : दोन हिवाळे गेले माझे त्यात.

डेलमर : राहू दे, मोझेल. पडदे ठेव. गाडी जाऊ दे तिला. आपण घरीच... मी टीव्ही काढून टाकतो.

मोझेल : टीव्हीचं घरी गेल्यावर बघू. पोरी, किती खिडक्यांचे हवेत?

टॅमरा : चारी.

मोझेल : तीन. चुलीपुढचा माझ्याकडं राहील. आणि उन्हात वाळवायचे नाहीत, रंग विटतो. थंड पाण्यात, हातानं.

टॅमरा : तीन. थंड पाण्यात, हातानं. आणा हात.

मोझेल : जरा दमानं गं. ह्या वेळी मी आधी नीट विचार करते... हं. घे हात, आणि ते तीन पडदे काढून घे.

डेलमर : आता उघड्या खिडक्यांत झोपायचं कसं?

मोझेल : तुला बघायला कोण येतंय? किल्ली दे.

डेलमर : आत्ताच? दोन दिवस आहेत अजून बाजाराचे.

मोझेल : म्हणूनच. क्रॉसव्हिलच्या पुढचं यंदा अजून काहीच पाहिलं नाही आपण. ती पाटी काढ आणि चढ. तिकडून नव्हे, तिकडं मी बसणार.

डेलमर : बसलो. आरसा जरा डावीकडं घे. ब्रेक थोडा...

मोझेल : डेलमर.

डेलमर : फक्त सांगतोय.

मोझेल : बसमध्ये फक्त सांगणाऱ्या पोरांना मी उतरवायचे आणि चालत पाठवायचे.

डेलमर : खरंच?

मोझेल : नाही. पण त्यांना तसं वाटायचं.

डेलमर : सांभाळून, ट्रक आहे. अरे वा. कशी अलगद काढलीस गं.

मोझेल : हूं.

डेलमर : हूं काय? मी काहीतरी बोलतोय.

मोझेल : कसं वाटतं?

डेलमर : वाईट वाटतं.

मोझेल : बरं. मग बोल.

डेलमर : बावीस वर्षं तुझी बस दुकानावरून जायची. रोज भोंगा वाजवायचीस. मी काउंटरवरून मान वर करायचो, कधी नाही करायचो. एकदाही त्या बसमध्ये चढलो नाही गं मी.

मोझेल : आता चढलायस ना? पट्टा बांध.