कोपऱ्यातला चुना

हॅलो?… कोण, चिमी? अगं, लँडलाइनवरून कशी काय? तुझा मोबाइल कुठाय?… तो घेऊन गेला? का, त्याचा बिघडलाय?… बरं बरं, बोल. दुकानातच आहे मी, घड्याळ उघडून बसलेय.

काय पडलं?… गाण्यांचा प्लेअर? तो छोटासा काळा, तुझ्या नवऱ्याचा लाडका?… हो, हो… अगं ऐक ना, वाजतोय का तो?… वाजतोय! मग एवढी रडकुंडीला का आलीस? नुसते ओरखडे तर आहेत.

सांगते. टूथपेस्ट घे. साधी पांढरी, जेलवाली नको. मऊ सुती फडकं किंचित ओलं कर आणि हलक्या हाताने घास… स्क्रीनवरचे जातील. पाठीवरचे फिके होतील… नाही गं, अगदी पहिल्यासारखा कसा होईल? मी घड्याळांना पॉलिश करते, जादू नाही.

थांब हं… काका, पट्टा उद्या मिळेल. हो, तपकिरीच… हां, बोल.

कोपऱ्याचा रंग उडालाय? तिथे काळं नेलपॉलिश लाव, टाचणीच्या टोकाने… चेपलाय पण? आतपर्यंत? चिमे, पडला कुठून म्हणालीस?… टेबलावरून. पण खाली तर तुमच्याकडे सतरंजी आहे ना?… बरं, राहू दे. खाचेतली घाण आधी काढ… पांढरं निघतंय? पांढरं म्हणजे कसलं?… भुरभुरीत…

चिमे, तो भिंतीचा चुना आहे.

हॅलो? आहेस ना?… भिंतीवर आपटलाय तो. कुणी फेकला?… मी ओरडत नाहीये. कुणी फेकला?…

आणि तू कुठे उभी होतीस?

…केसांना लागून गेला?

मग काय म्हणाला?… "मी येईपर्यंत पहिल्यासारखा करून ठेव"? स्वतः फेकला आणि वर… आणि नाही झाला तर?… नको, सांगू नकोस. कळलं. मागे तुझं मनगट मुरगळलं, ते घसरूनच ना गं?… चिमे?… अगं, मी नुसतं बर्फ लाव म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून दिला…

घासणं बंद कर. ठेव ते फडकं. चप्पल घाल आणि इकडे निघून ये… दार बाहेरून बंद? म्हणजे काय?… कुलूप नाही ना? नुसती कडी? मग शेजारच्या काकूंना हाक मार. दारावर थापा मार… लोक काय म्हणायचं ते म्हणोत! फोन ठेवू नकोस, टेबलावर राहू दे. मी ऐकतेय. जा.

…

…कडी काढली? काकूंनीच? देव भलं करो त्यांचं… नाही, कपडे भरत बसू नकोस. मागच्या जिन्याने उतर, तो पुढून येतो ना. तो प्लेअर कशाला घेतेस? राहू दे तिथेच! जा म्हणते ना!

मालक, जरा इकडे येता? माझी बहीण येतेय. नंतर सांगते सगळं… हो, फोन चालूच आहे, तशीच सोडून गेली ती… थांबा. तिकडे कुणीतरी आलंय.

चिमे, परत कशाला आलीस? अगं…

…अं… भावोजी. हो, मीच… नाही, सहजच बोलत होतो आम्ही… कुठे गेली, मला काय माहीत?… हो का? चांगला चमकतोय?… नाही, कोपरा नाही भरायचा तो. कुणी कितीही घासला तरी नाही… नाही म्हटलं ना, इथे नाहीये ती… काकू? काकूंना काही माहीत नाही. त्यांच्या वाटेला जाऊ नका, सांगून ठेवते… या. या ना. मी इथेच आहे… हॅलो? हॅलो?

ठेवला.

मालक, शटर ओढा… पूर्ण नको, पूर्ण नको! अर्धंच. माझी बहीण अजून पोचली नाहीये.