विसावं नाव

आजच्या या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय गिरधरनाना, ज्यांच्या फ्रान्स अभ्यास दौऱ्याचा आज गौरव होतोय ते आपल्या केळी उत्पादक संस्थेचे चेअरमन हितेंद्रभाऊ झोपे, मघापासून इतकं सुंदर सूत्रसंचालन करणारे सचिव योगराजभाऊ, व्यासपीठावरचे सर्व संचालक, आणि रावेर, यावल, भुसावळहून या ऑक्टोबरच्या उन्हात जळगावला आलेले माझे शेतकरी बंधू-भगिनी, तुम्हा सगळ्यांना कामिनीचा नमस्कार.

मी धुळ्याची, देवपूरची. माझी शाळा इंग्लिश मीडियम. तिथे मराठी बोललं की डायरीत रिमार्क यायचा, त्यामुळे माईकवर मराठी बोलायची माझी ही पहिलीच वेळ. पुढे पुण्यात फ्रेंच शिकले, म्हणून संस्थेने मला दुभाषी म्हणून दौऱ्यावर नेलं. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. हे आत्ताच म्हणून घेते, नंतर म्हणता येईल की नाही सांगता येत नाही.

योगराजभाऊंनी मला विषय दिलाय, आपण पाहिलेल्या फ्रेंच गावाचा भूगोल, इतिहास आणि तिथलं चर्च. वेळ दहा मिनिटं.

तर गावाचं नाव व्हेरनासाक. फ्रान्सच्या नैऋत्येला एक चुनखडीचा डोंगर आहे, आपल्या सातपुड्यापुढे अगदी टेकडी म्हणावी असा. त्याच्या कडेवर हे गाव. खाली एक छोटी नदी वळसा घेते. वस्ती एकशे त्रेसष्ट. एकशे त्रेसष्ट माणसं तर आपल्याकडे साखरपुड्यालाच येतात. आजूबाजूला सगळ्या आलुबुखाऱ्याच्या बागा. त्यांची फळं सुकवून विकणारी सहकारी संस्था पाहायला आपण गेलो होतो. मार्चचा शेवट होता, झाडांना पांढरी फुलं आली होती. थंडीने ती फुलं जळतात म्हणून तिथले शेतकरी बागेत शेकोट्या लावून बसतात हे ऐकलं, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या माना हलल्या होत्या. थंडीने केळीचा घड खोडातच अडकतो तेव्हा काय वाटतं, हे त्यांना कोणी वेगळं सांगायला नको होतं. मला वाटलं, चला, ओळख झाली.

आता इतिहास. इंग्रजांबरोबरच्या लढायांत हे गाव दोनदा जळालं. राज्यक्रांतीच्या वेळी चर्चच्या चार घंटांपैकी तीन उतरवून त्यांच्या तोफा ओतल्या. एक राहिली, ती अजून वाजते. आणि १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा गावात चारशे माणसं होती. त्यातले एकोणीस पुरुष परत आले नाहीत. हा एकोणीस आकडा कृपा करून लक्षात ठेवा.

आणि चर्च. फ्लेक्सवर आठशे वर्षं जुनं लिहिलंय, ते नऊशे करा. भिंती मी दोन्ही हात पसरले तर होईल तेवढ्या जाड, खिडक्या अरुंद, कमानी गोल. टोकदार कमानी नंतरच्या काळात आल्या. मला या गोष्टींचं वेड आहे. मी आपल्या सतरा मंडळींना त्या एका कमानीखाली उभं करून वीस मिनिटं बोलले. हितेंद्रभाऊ दोनदा घड्याळ बघत होते, ते मला दिसलं होतं, तरी बोलले. समोर भिंतीत एक संगमरवरी पाटी होती. तिच्याबद्दल मी एक वाक्यही बोलले नाही. ही माझी पहिली चूक.

चर्चची किल्ली मादाम सोलांज यांच्याकडे असते. वय चौऱ्याऐंशी. पाद्रीबाबांकडे तेवीस गावं आहेत, ते दोन महिन्यांतून एकदा येतात. म्हणून रोज सकाळी नऊला दार उघडणं, झाडणं आणि सहाला बंद करणं, हे या बाईंचं काम. पगार नाही. दर शनिवारी त्या ओल्या फडक्याने ती पाटी पुसतात. पाटीवर एकोणीस नावं आहेत. अकरावं नाव त्यांच्या आजोबांचं.

मादाम मला घंटेचा दोर दाखवायला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. बाहेर काय झालं ते मला सुगंधाअक्कांकडून कळलं. सुगंधाअक्का म्हणजे आपल्या दौऱ्यातल्या एकट्या महिला शेतकरी, तुम्ही सगळे त्यांना ओळखता.

हितेंद्रभाऊंनी दानपेटीत नोट टाकली. मग भिंतीकडे बघितलं. तिथे एकाखाली एक नावं. भाऊंना वाटलं, देणगीदारांची यादी. ते योगराजभाऊंना म्हणाले, "नऊशे वर्षांत एकोणीसच देणगीदार? आपल्या मंदिरात एवढे तर पायऱ्यांनाच आहेत."

हसा, मी पण हसले असते. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची नावं. असं बघत वाढलेल्या माणसाला तसं वाटणारच. तिथवर मी भाऊंना काहीच म्हणत नाही.

केळीच्या बॉक्सवर खुणा करायचा काळा मार्कर भाऊंच्या खिशात कायम असतो. अक्का म्हणाल्या, "भाऊ, कायले लिहितो? त्या बाईले इचार तं खरं." भाऊ म्हणाले, दान दिलं तर नाव नको का, अक्का? आणि पाटीच्या खाली, नऊशे वर्षांच्या पांढऱ्या दगडावर त्यांनी लिहिलं. श्री. हितेंद्र लोटू झोपे, चेअरमन. मुक्काम पोस्ट, तालुका रावेर, जिल्हा जळगाव. आणि खाली मोबाईल नंबर, तोही मराठी आकड्यांत.

योगराजभाऊंनी फोटो काढला. तोच तुम्ही आत्ता माझ्या मागे बघताय, बारा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सवर.

मादाम बाहेर आल्या. हातात फडकं होतं. त्यांनी ती काळी अक्षरं बघितली. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, हे काय लिहिलंय?

नाना, तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हीच सांगा. दुभाषीचं काम काय? एका भाषेतलं दुसरीत सांगणं, बरोबर? मी मादामना सांगितलं की ही आमच्या लिपीतली प्रार्थना आहे. या एकोणीस जणांना शांती लाभो असं आमच्या चेअरमनसाहेबांनी लिहिलंय.

मादामनी माझा हात धरला. मग भाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रडल्या. भाऊ मला म्हणाले, बाई फारच भावनिक दिसते.

बसमध्ये बसल्यावर मी भाऊंना सगळं सांगितलं. ते देणगीदार नव्हते, युद्धात मेलेली माणसं होती. बाईंचे आजोबा होते. मला वाटलं भाऊ बस थांबवतील. भाऊ म्हणाले, "मग बरंच झालं की. श्रद्धांजली वाहिली समज." मागच्या सीटवर दोघं हसले. मला त्या क्षणी किळस आली, आणि माझ्याकडे अजून शब्द नाही दुसरा. अक्कांनी विचारलं की तू त्या बाईला काय सांगितलंस. मी सांगितलं. पॅरिस येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. उतरताना एवढंच म्हणाल्या, "तो तं नाव लिहून मोकळा झाला. खोटं तं तू बोलली, बाई."

तेव्हापासून भाऊंपेक्षा जास्त किळस मला माझीच येते. भाऊंनी न विचारता लिहिलं. मी तर विचारल्यावर खोटं सांगितलं.

आपण परत आलो. सत्काराची पत्रिका आली, त्यावर छापलं होतं, 'फ्रान्सच्या ऐतिहासिक चर्चमध्ये खान्देशचे नाव कोरणारे.' भाऊंना सगळं माहीत होतं, तरी छापलं. मघाशी ते वाचल्यावर या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमचा राग नाही. पण आता माहीत झालंय.

योगराजभाऊ, चिठ्ठी मिळाली. दोन मिनिटांत संपवते.

गेल्या आठवड्यात व्हेरनासाकच्या महापौरांचा मेल आला. एकशे त्रेसष्ट माणसांच्या गावालाही तिथे महापौर असतो. ते लिहितात, शाई दगडात मुरली आहे, घासलं तर दगड जाईल. पण मादाम सोलांज म्हणाल्या की प्रार्थना पुसायची नाही. म्हणून गावाने तिच्यावर काच बसवली आहे. मादाम रोज तिथे फुलं ठेवतात. अकरा नोव्हेंबरला, युद्ध संपलं त्या दिवशी, सगळं गाव त्या पाटीसमोर उभं राहतं आणि एकोणीस नावं वाचली जातात. या वर्षी त्यानंतर एक दहा वर्षांची मुलगी ही प्रार्थना मूळ भाषेत म्हणणार आहे. तर उच्चार कसे करायचे ते फ्रेंच अक्षरांत लिहून पाठवाल का, असं मला विचारलंय. ती मुलगी आतापासून पाठ करायला उत्सुक आहे.

जरा डोळ्यांसमोर आणा. थंडी पडलीय, म्हातारी माणसं टोप्या काढून उभी आहेत, आणि ती पोरगी स्वच्छ आवाजात म्हणतेय, श्री हितेंद्र लोटू झोपे, चेअरमन, तालुका रावेर, नऊ आठ दोन दोन...

आता कोणी हसलं नाही. बरं वाटलं.

आज दुपारी हॉलवर यायच्या आधी मी उत्तर पाठवून दिलं. कार्यक्रमानंतर पाठवायचं ठरवलं असतं तर तुमच्यातल्याच कोणीतरी प्रेमाने समजावलं असतं, की संस्थेचं नाव आहे, जाऊ दे पोरी. मी त्यात लिहिलंय की मी खोटं बोलले. आणि या वेळी भाषांतर नीट केलंय. नाव, हुद्दा, गाव, तालुका, जिल्हा, काहीही गाळलं नाही. काच काढायची की ठेवायची ते त्यांनी ठरवावं. मादाम आता ती किल्ली घेऊन रोज सकाळी तिथे कशा जातील, याचा विचार मी सारखा करते.

सुगंधाअक्का आज आल्या नाहीत. त्यांच्या सत्काराची शाल त्या टेबलावर घडी न मोडता पडलीय. माझीही तिच्या शेजारी ठेवते. नारळ मात्र नेते, आईने सांगितलंय.

संस्थेचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. शेवटी, बोलताना काही चुकलं असेल तर पदरात घ्या असं म्हणायची आपली पद्धत आहे. माझ्या वाटणीची माफी मी आज दुपारी फ्रेंचमध्ये मागून आलेय. राहिलेली माझी नाही.

हितेंद्रभाऊ, पत्रात तुमचा मोबाईल नंबरही आहे. तुम्हीच लिहिलेला, म्हणजे बरोबर असणार. फ्रान्सहून, अधिक तेहतीसने सुरू होणारा फोन आला तर उचला. मादाम हळू बोलतात. आणि मध्ये मी नसेन.

धन्यवाद.