पॅनलवरच्या कुरडया

– थांबा काका, बॅटरी केवढी देऊ ते नंतर, आधी बसा. आभाळ भरून यायच्या आत पोचायचंय, कळलं मला. पण ऐका. बोरीत परतले तेव्हा वाटलं होतं, लोकांना ऊन म्हणजे काय ते शिकवावं लागेल – सहा वर्षं बंगळुरूत सोलरचं शिकून आले होते ना! निघालं उलटंच. उन्हाचं काय करायचं ते सरजाबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. हसू नका. तेव्हा मीही हसले होते.

सरजाबाई आमच्या मागच्या आळीतल्या. त्यांचे मालक सूर्यभान आजोबा – छाती निकामी, ऑक्सिजनचं मशीन, तुमच्या काकूंना लागतं तसंच. माझं पहिलं गिऱ्हाईक. हिशेब चोख केला – मशीन साडेतीनशे वॅटचं, वीज जाते फार तर चार तास, म्हणजे चौदाशे वॅट-तास. तूट धरून दोन हजार वॅट-तासांची बॅटरी, हातानं उचलता येईल अशी, आणि पत्र्यावर चारशे वॅटचं पॅनल. कागदावर काही चुकलं नव्हतं, आजही दाखवते. फक्त बजावलं – बॅटरी घरच्या विजेवर लावायची न्हाई, उन्हावरच भरायची. का? तत्त्व! कोळशाची वीज नको! आजोबा म्हणाले, "तू सांगशील तसं, पोरी." माणसं ऐकतात हो आपलं – तेच वाईट.

मे महिन्यात बघायला गेले, तर पॅनलवर साडी अंथरलेली आणि साडीवर कुरडया! सरजाबाई म्हणाल्या, "कोंबड्या पोचत न्हाईत, कुत्रं चढत न्हाई, लय मस्त वाळायल्यात बघ." आळीतल्या चार घरच्या, पाळीपाळीनं, आठवडाभर. मी काय केलं? फोटो काढला. मैत्रिणींना पाठवला. त्यांनी दूध-साखर घालून गव्हाचा चीक दिला, तो खाल्ला. काढायला सांगायचं होतं का? होतं. पण वर्षभराच्या कुरडया, सगळ्या बाया समोर बसलेल्या, आणि हातात त्यांचीच वाटी – कसं सांगणार? अन् बॅटरीवर आकडा दिसत होता. बत्तीस टक्के. मी पाहिला. हे... हे कुणाला बोलले नव्हते मी. म्हटलं, उद्या साडी निघेल, भरेल.

त्याच दुपारी वादळ आलं. खांब आडवे. पाच तास चालायची ती बॅटरी दीड तास चालली. आजोबांना जीपमध्ये घातलं – जिंतूरच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेले. गाव म्हणतं, वादळानं नेलं. सरजाबाईही तेच म्हणतात. तेराव्यानंतर त्यांनी मला डबाभर कुरडया पाठवल्या. तोच हा, तुमच्या कोपराशी – उघडू नका. राहू द्या तसाच.

आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पत्र्यावर चढले. साडी वाऱ्यानं गेलेली, पॅनल पावसानं धुतलेलं, लखलखीत. खाली येऊन बघते तर बॅटरी भरायलेली – मशीन बंद, पलंग रिकामा, अन् आकडा आपला वर चढायलेला. तिथंच ठरवलं. ज्या घरात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर उभा न्हाई, त्या घराला माझी बॅटरी न्हाई. दुप्पट मोठी मागा, तरी न्हाई. आधी सिलिंडर न्या, मग या.

काकू घरी एकट्याच आहेत ना? मग बसलात काय, काका – उठा. जा.